आखाताचा विषय सोडून

मला कुणी काही आपणहून दिलं की मी ते आधी उलटं करून बघते. साताऱ्याच्या एका दैनिकात नोकरीचा बहुतेक काळ मी परदेशी बातम्यांचं पान लावण्यात घालवला. कुठल्याशा राजधानीत करार झाला की तो छापायचा आणि छापताना मनाशी विचारायचं, यात फायदा कुणाचा? निवृत्त झाले तरी हा प्रश्न काही सुटला नाही. भाजीवाल्यानं कोथिंबीर वर फुकट दिली, तर मी घरी येऊन आधी जुडी सोडून बघते.

त्यामुळे हैदराबादहून अमेय नावाच्या एका तरुणाचा फोन आला तेव्हा मी खूश होण्याऐवजी सावध झाले. मुलगा मूळ पुण्याचा, नोकरी तिकडच्या सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणाला, "मॅडम, आम्ही मराठी मंडळी दर रविवारी बरकतपुऱ्यात भेटतो. जगाच्या राजकारणावर ओपन डिस्कशन असतं. पुढे काय होणार, कोण कुणाच्या बाजूला जाणार, असं. यावेळी तुम्ही बोलावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. आमच्या व्यंकटरावकाकांनी तुमचे जुने लेख जपून ठेवलेत."

माझे लेख मीसुद्धा जपून ठेवलेले नाहीत. मग या व्यंकटरावांनी कशाला ठेवले? तरी मी हो म्हटलं. घरात बसून कंटाळा आला होता हे त्यातलं खरं कारण.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा अमेयचा फोन. आवाज जरा खाली. "मॅडम, एक छोटीशी रिक्वेस्ट होती. तुम्ही कशावरही बोला. अमेरिका, चीन, युरोप, काहीही. फक्त आखाताचा विषय तेवढा सोडून."

"का?"

"मंडळाचं तसं ठरलंय."

त्या दिवसांत आखातात पुन्हा तणाव वाढला होता. सगळं जग त्याच समुद्राकडे डोळे लावून बसलेलं, आणि जगाच्या राजकारणावर चर्चा करणारं मंडळ मला तोच तेवढा विषय सोडायला सांगत होतं. तोवर मी जाणार होते. आता मला जायचंच होतं.

मलकपेठ

सकाळी सिकंदराबादला उतरले. अमेय गाडी घेऊन आला होता. वाटेत त्यानं मला मेट्रो दाखवली, नवे उड्डाणपूल दाखवले, हवा दाखवली म्हटलं तरी चालेल. आखाताबद्दल चकार शब्द नाही. मीही मुद्दाम विचारलं नाही. समोरच्याला आपण विसरलोय असं वाटू द्यावं, म्हणजे तो कधीतरी स्वतःच घसरतो.

माझी उतरण्याची सोय व्यंकटराव जाधवांच्या घरी केली होती. मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीत उभं राहिलं की सकाळी घोडे फिरवायला काढलेले दिसत. व्यंकटराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. घराणं मूळचं लातूरकडचं. हैदराबाद संस्थान होतं तेव्हा आजोबा इकडे आले, आणि शेती तिकडे भावकीत राहिली. हे रविवारचं मंडळ त्यांनीच सुरू केलेलं. माणूस उंच, आवाज दणदणीत आणि स्वागत इतकं भरघोस की मला पुन्हा शंका आली.

"या, या, ताई! जगाची खबर घेऊन आलात. पण मी सांगतो तुम्हाला, काही होत नसतं. ही मोठी माणसं टेबलावर बुक्क्या मारतात, मग चहा पितात आणि मिटवून टाकतात. आपण इथं बसून उगा परेशान व्हायचं."

त्यांच्या पत्नी सुमनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि हसून आत गेल्या. लहानशी बाई, पायात आवाज न करणाऱ्या सपाता.

हात-पाय धुऊन मी बैठकीत बसले आणि सवयीनं इकडेतिकडे पाहिलं. टीव्ही होता, पण त्यावर भरतकामाचा रुमाल टाकून वर गणपती बसवलेला. "बिघडलाय," व्यंकटराव म्हणाले. शेजारी त्या दिवसाचं मराठी वर्तमानपत्र होतं. मी ते हातात घेतलं आणि हाताला वजनच कमी लागलं. ज्यानं आयुष्यभर पानं लावली त्याला हे कळतं. मधलं एक पान नव्हतं. क्रीडा होतं, राज्य होतं, राशिभविष्यसुद्धा होतं. परदेशी बातम्यांचं पान तेवढं गायब.

"एक पान दिसत नाही," मी म्हटलं.

"पोऱ्या टाकताना पडलं असेल कुठं," व्यंकटराव म्हणाले आणि लगेच साताऱ्याच्या हवेची चौकशी करू लागले.

दुसऱ्या दिवशीच्या अंकातही ते पान नव्हतं.

जेवण मात्र असं की संशयाला काही काळ सुट्टी द्यावी लागली. पानात अंबाडी होती. आमच्याकडे अंबाडी शिजवून, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी ओतून भाकरीशी खातात. इथं तीच पानं तेलात परतून लाल मिरचीशी वाटलेली, गरम भातावर तुपाची धार सोडून. तिला गोंगुरा म्हणायचं. सुमनबाईंनी माझ्यापुढे दोन्ही प्रकार ठेवले. "ह्यांना लातूरची लागती, मला इथली," त्या म्हणाल्या. "माझा जलमच इथला. म्हणून रोज दोन करते." मला पहिल्या घासाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

वाढता वाढता त्यांनी अगदी सहज विचारलं, "ताई, जहाजं यायची बंद झाली म्हंजे बंदरातल्या कामाच्या माणसांचं काय करतेत?"

मी तोंडातला घास संपवायच्या आत व्यंकटराव म्हणाले, "सुमन, ताईंना दही दे. तिखट लागलंय त्यांना."

सुमनबाई दही आणायला गेल्या. आणल्यावर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

नारायणगुडा

शनिवारी सकाळी अमेय मला न्याहारीला नारायणगुड्याला घेऊन गेला. तिथल्या एका टिफिन सेंटरपुढे मंडळातले काही सभासद जमले होते. उंच टेबलांभोवती उभं राहून खायचं. साताऱ्यात उभ्यानं खाल्लं तर लोक विचारतील घरी भांडण झालं का. इथं शाळेला निघालेल्या शिक्षिकांपासून वकिलांपर्यंत सगळे उभ्यानंच इडलीवर तुपात घोळलेली लाल चटणी लावून खात होते, आणि खाता खाता जगाचा निकाल लावत होते.

मंडळातले औषध दुकानदार होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांचं म्हणणं, आता जगात मित्र-शत्रू असं काही उरलं नाही, सगळे गिऱ्हाईक झालेत. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, महासत्ता म्हातारी झाली की घरातल्या म्हाताऱ्यासारखीच वागते, सगळ्यांवर ओरडते आणि औषध मात्र वेळेवर घेत नाही. अमेयचं म्हणणं वेगळं. पुढची लढाई चिपवर होणार, तेलावर नाही. शेजारच्या टेबलावरचे एक अनोळखी गृहस्थ, हातात पेसरट्टूची, म्हणजे मुगाच्या डोशाची बशी, मध्येच म्हणाले, "अरे भाई, जंग होती क्या नई, वो बोलो." सगळे हसले. भाऊ म्हणाले, "नई होती मियाँ, लाइट लेओ." म्हणजे मनावर घेऊ नका.

बोलणं रंगलं होतं. मुद्देही चांगले होते. पण मी परदेशी पानावर बसलेली बाई. कुठली बातमी आहे यापेक्षा कुठली नाही हे मला आधी दिसतं. एवढ्या बोलण्यात आखात नव्हतं. कुणी "तेल" म्हटलं की पुढचं वाक्य वळून दुसरीकडेच जायचं, रस्त्यात खड्डा आल्यावर स्कूटर वळते तसं. आणि शेवट दर वेळी एकच: काही होणार नाही.

खाऊन हात धुताना मी वर पाहिलं. टिफिन सेंटरच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर पाटी होती: आखाती देशांत नोकरीसाठी भेटा. जिन्यातून सफारी घातलेला एक माणूस उतरला. अमेय लगबगीनं त्याच्याकडे गेला, दोघं बाजूला जाऊन बोलले. त्या माणसानं मान हलवली. अमेयनं त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. भाऊ दुरून हे पाहत होते. माझं लक्ष आहे हे कळताच त्यांनी मला चहाचा आग्रह केला.

झालं. माझ्या डोक्यात चित्र पुरं झालं. माणसं आखातात पाठवणारा धंदा, त्या धंदेवाल्याचा मंडळावर हात, आणि म्हणून लोकांच्या मनात भीती बसेल असं कुणी काही बोलायचं नाही. वर्तमानपत्रातलं पान नाही, टीव्ही बिघडलेला, वक्त्याला आधीच ताकीद. मला साताऱ्याहून बोलावलं ते कशाला? तर अनुभवी बाईच्या तोंडून "काही होणार नाही" वदवून घ्यायला.

परतताना मी गाडीत विचारलं, "अमेय, आखात का नको?"

त्यानं सिग्नलकडे बघतच उत्तर दिलं. "मॅडम, प्लीज. सेन्सिटिव्ह मॅटर आहे."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठीच," तो म्हणाला आणि गाणी लावली.

बरकतपुरा

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं, व्यंकटराव, सुमनबाई आणि मी, रिक्षानं बरकतपुऱ्याला गेलो. एका जुन्या कार्यालयाचा वरचा हॉल. पायऱ्यांखाली चपलांचा ढीग. पंखे गरगर फिरत होते आणि तरी घामाची धार लागलेली. खुर्च्या भरल्या होत्या. पुढे जुनी मंडळी, मागे अमेयसारखी पोरं, काहींच्या मांडीवर मुलं. सुमनबाई तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या. नवऱ्याचं मंडळ म्हणून येत असतील, असं मी धरून चालले.

आधी प्राध्यापकांनी प्रस्ताव मांडला: जग बदलतंय, पण सावरतंयही. टाळ्या. भाऊंनी दोन विनोद केले. व्यंकटरावांनी माझी ओळख करून देताना माझ्या एका लेखातलं वाक्य सांगितलं. ते मी लिहिलेलं होतं खरं, पण त्याच्या पुढचं वाक्य त्यांनी गाळलं होतं. मी लिहिलं होतं की लढाया बहुधा टळतात. पुढे लिहिलं होतं की टळत नाहीत तेव्हा कुणालाच आधी कळलेलं नसतं.

मी उठले. माइक एकदा किंचाळला, मग गप्प झाला. मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, "मला इथं येण्याआधी एक विषय टाळायला सांगितलं गेलं. मी परदेशी पानावर काम केलंय. टाळायला सांगितलेल्या विषयापासूनच मी सुरुवात करते."

अमेय मागे उभा होता. त्यानं दोन्ही हात वर करून नको नको अशी खूण केली. मला वाटलं, बरोबर जागी बोट ठेवलं.

मी बोलत गेले. "दोन देश एकमेकांना डोळे दाखवतात तेव्हा पहिली गोळी सुटायच्या कितीतरी आधी बंदर आजारी पडतं. विमावाले जहाजाला हात लावायला तयार नसतात. जहाज नाही म्हणजे काम नाही. काम नाही म्हणजे परक्या मुलखातली माणसं आपापल्या खोल्यांत बसून असतात. घरी फोन करून सांगतात, सगळं ठीक आहे. नेते वाटाघाटी करतात त्यात या माणसांचं नाव कुठं नसतं. आणि इकडे आपण चहा पीत म्हणतो, काही होणार नाही. हे म्हणण्यात कुणाचा फायदा आहे, ते मला आज इथं विचारायचं आहे."

टाळ्या नाहीत, विरोध नाही. मी व्यंकटरावांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते रागावलेले असतील. पण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ते माझ्याकडे नाही, तिसऱ्या रांगेकडे बघत होते.

सुमनबाई उभ्या राहिल्या होत्या.

"थांबू नका, ताई," त्या म्हणाल्या. "बोला. माझं पोरगं तिथंच हाय."

"सुमन, बस खाली," व्यंकटराव म्हणाले. तो दणदणीत आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"न्हाई बसत." मग माझ्याकडे वळून, "संदीप. एकच हाय. बंदरात क्रेनवर कामाला. आता मला सांगा, बंदर चालू हाय का बंद?"

दोन दिवस रचलेलं सगळं माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच आकाराचं झालं. पान कुणी काढलं, कशासाठी काढलं, नारायणगुड्यातल्या त्या माणसाला अमेय काय विचारत होता, सगळं. इथं धंदा नव्हता. एका आईपासून एक बातमी लांब ठेवायला सगळं मंडळ कामाला लागलं होतं, आणि ती बातमी मी माइक बाजूला ठेवून मोठ्यानं सांगितली होती.

"आठवड्यापूर्वी वाचलं तेव्हा अर्धं बंद होतं," मी म्हटलं. "आजचं मला ठाऊक नाही."

"लढाई व्हनार का?"

"माहीत नाही."

"मग तुम्हाला माहीत काय हाय, ताई?"

हा प्रश्न त्यांनी टोमणा म्हणून विचारला नव्हता. त्यांना खरंच हवं होतं ते.

"एवढंच," मी म्हटलं, "की काही होणार नाही असं जे सांगतात, त्यांनाही माहीत नाही."

भाऊ उठले. "वहिनी, आम्ही तुमच्या काळजीपोटीच..."

"तुमची काळजी कळती मला, भाऊ," सुमनबाई म्हणाल्या. "पेपरातलं पान काढलं तरी शेजाऱ्याच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून येतोय. तेलुगू समजती मला. युद्धम, युद्धम, दिवसभर चाललंय. म्हणून मी दर रविवारी हितं यायची. म्हटलं, शिकलेली माणसं हायेत, कुणाच्या तरी तोंडून निघंल. तर तुम्ही हसायचा. तुम्ही जितकं हसायचा ना, तितकी मला धडकी भरायची. वाटायचं, माझ्या पोराचं काय झालंय की यांना एवढं हसावं लागतंय?"

त्यानंतर सभा अशी काही झालीच नाही. लोक हळूहळू उठले. कुणीतरी समोसे वाटले, तेही कुणी खाल्ले नाहीत. खाली आले तर माझ्या चपला नव्हत्या. तेवढ्यातही माझ्या मनात आलं, मुद्दाम लपवल्या असतील. मग दिसलं की गोंधळात कुणीतरी माझ्या घालून गेलं होतं आणि आपल्या ठेवून गेलं होतं. त्या दोन बोटं मोठ्या, पुरुषी चपला फटक फटक वाजवत मी रिक्षात बसले.

पुन्हा मलकपेठ

घरी आल्यावर व्यंकटराव एकच वाक्य बोलले. "तुम्हाला पाहुण्या म्हणून आणलं होतं, ताई."

मी म्हटलं, मी लॉजवर जाते. सुमनबाईंनी माझी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "ताई जेवतील आन हितंच झोपतील," त्या नवऱ्याला म्हणाल्या. रात्री पानात एकच अंबाडी होती, इथली तिखट. त्यांची.

सकाळी मी उठले तेव्हा व्यंकटराव गॅलरीत पाठमोरे उभे होते. खाली घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. सुमनबाईंनी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मला शेजारी बसवून संदीपला फोन लावला. पडद्यावर दाढी वाढलेला मुलगा आला. मागे दुमजली लोखंडी पलंग.

"ठीक आहे ना सगळं, आई? इथं एकदम मस्त आहे."

"संदीप, मला समदं माहीत हाय," सुमनबाई म्हणाल्या. "आता खरं बोल."

मग त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि बोलायला लागला. काम थांबलं होतं. त्यांना बंदरापासून लांब एका वसाहतीत हलवलं होतं. बरोबरचे निम्मे लोक आपापल्या देशी गेले होते. "मी बाबांना सांगितलं होतं," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, काही होत नाही, थांब. आईला नको सांगू."

गॅलरीतली पाठ हलली नाही.

"येऊ का, आई?" त्यानं विचारलं. कुणीतरी हे विचारू देईल याची तो कधीपासून वाट पाहत होता, असं ते आलं.

"ये," सुमनबाई म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला बरं वाटलं. खरं बोलल्याचं जे एक समाधान असतं ते मला झालं. आणि लगेच मला त्या समाधानाचाच संशय आला. मी त्या बाईसाठी बोलले नव्हते. तिचं पोरगं आखातात आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी बोलले होते मला कुणी गप्प बसवतंय म्हणून. ते तिच्या कामी आलं, हा योगायोग. उलटंही झालं असतं.

स्टेशनवर सोडायला अमेय आला. वाटेत मेट्रो दाखवली नाही. "तो नारायणगुड्याचा माणूस," तो स्वतःहूनच म्हणाला, "त्याचे लोक संदीपच्याच बंदरात आहेत. मी रोज जाऊन विचारायचो. त्या दिवशी तो म्हणाला, सगळे सुरक्षित आहेत." मग म्हणाला, "मॅडम, तुम्हाला आम्ही आधीच सांगायला हवं होतं."

"मी आधीच विचारायला हवं होतं," मी म्हटलं. "नीट."

सातारा

संदीप पंधरवड्यात घरी आला. सुमनबाईंचा फोन आला. "आलाय. झोपलाय. बगत बसले मी." व्यंकटरावांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर आखात निवळलं. कसं निवळलं, कुणी कुणाला काय दिलं, हे मी रोज वाचत होते आणि मला नीट कळलं नाही. बंदर सुरू झालं. जहाजं लागली. म्हणजे व्यंकटराव म्हणत होते तेच झालं. मोठ्या माणसांनी चहा घेतला आणि मिटवलं. जे तिथं थांबले होते ते कामावर रुजू झाले, आणि संदीप मलकपेठेतल्या गॅलरीत बसून होता.

मी स्वतःला सांगितलं, निवळलं ते नशीब, ते आधी कुणाला ठाऊक होतं? हे खरंच होतं. पण खरं असूनही त्यानं मला झोप लागत नव्हती. सुमनबाईंना फोन करायचं मी टाळू लागले.

मग एका रविवारी सकाळी त्यांच्याच नंबरवरून फोन आला. पलीकडे पुरुषाचा आवाज. "मॅडम, मी संदीप. आपण बोललो नाही कधी, पण तुम्ही त्या दिवशी आईजवळ बसला होता. मला परत बोलावतायत. पहिल्यापेक्षा चांगलं काम आहे. जाऊ का?"

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, ताईंना विचार. त्या खोटं सांगत नाहीत."

मी खुर्चीत बसले. जगात काय चाललंय ते मला त्याच्यापेक्षा थोडं जास्त माहीत होतं. पुढे काय होणार ते त्याच्याइतकंच. मी जा म्हटलं असतं तर तो गेला असता. नको म्हटलं असतं तर राहिला असता. दोन्हीतलं काहीही मी खात्रीनं सांगितलं तर मी आणि ते मंडळ यांत फरक उरला नसता.

"बाबा आहेत घरी?" मी विचारलं.

"आहेत. पण ते... तुमच्याशी बोलतील का, माहीत नाही."

"दे त्यांना."

कुजबुज झाली, खुर्ची सरकली. मग व्यंकटरावांचा श्वास ऐकू आला. मलकपेठेतून निघाल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर, म्हणजे कानासमोर, येत होतो.

"बोला," ते म्हणाले.

"व्यंकटराव, संदीप मला विचारतोय. मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मी वाट बघत होते त्या वाक्याची. काही होत नसतं हो, ताई. ते आलं असतं तर मी फोन ठेवणार होते.

ते वाक्य आलं नाही. व्यंकटराव इतकं हळू बोलले की मला आवाज ओळखू आला नाही.

"मला भ्या वाटतं, ताई," ते म्हणाले. "तेव्हाही वाटत होतं. तो पहिल्यांदा गेला तेव्हापासून वाटतंय. आणि तरी मी रविवारी जाऊन भाषण ठोकायचो. बापानं भ्यायचं नसतं असं वाटायचं. पोराला थांब म्हणालो, कारण ये म्हणालो असतो तर भ्यालोय हे कबूल करावं लागलं असतं."

मागून संदीपचा आवाज आला. "बाबा, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

मग सुमनबाईंचा, जवळ येत असलेला. "काय म्हणाले? काय म्हणाले ते?"

माझ्याशी आता कुणी बोलत नव्हतं. तिघंही एकदम बोलू लागले होते, तेलुगू, मराठी, दखनी सगळं मिसळून, आणि फोन कुठंतरी टेबलावर राहिला होता. मी थोडा वेळ ऐकलं. मग ते ऐकणं माझं नाही असं वाटलं आणि मी फोन बंद केला.

त्या संध्याकाळी अमेयचा निरोप आला. बरकतपुऱ्यात खुर्च्या मांडून सगळे बसले होते, पण व्यंकटरावकाका आले नव्हते. घरी बोलणं चाललंय, आज तुम्ही सुरू करा, एवढंच त्यांनी कळवलं होतं.